वारा, झुळूक आणि भानगड

बाईंच्या हिशेबात वाऱ्याचे प्रकार तीन. झुळूक, वारा आणि भानगड. अंगावर आली की बरं वाटतं पण जिच्यानं पातं काही फिरत नाही, ती झुळूक. एका दिशेनं येतो, येत राहतो आणि काम करतो, तो वारा. आणि दोन इमारतींच्या फटीतून घुसून, कोपऱ्यावर गिरकी घेऊन, कधी तोंडावर तर कधी पाठीवर येते, ती भानगड. उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईंना वाऱ्यांची पुस्तकातली नावंही अर्थात पाठ होती. खारे वारे, मतलई वारे, मोसमी वारे. पण ती मुलांसाठी, असं त्या म्हणत. मोठ्या माणसांना तीन पुरेत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तुर्भ्याच्या आमच्या गाळ्यात. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी तिथं नुकताच चिकटलो होतो. बाहेर दिवसभर ट्रकांची रांग, एका बाजूला मसाल्याचं युनिट, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या, आणि मध्ये आम्ही छोट्या पवनचक्क्या बनवायचो. घाटमाथ्यावर दिसतात तसल्या राक्षसी नव्हेत. फायबरची तीन पाती, एक लोखंडी खांब, खाली बॅटऱ्या. जिथं विजेची तार पोचलीच नाही, किंवा पोचून रुसून बसली आहे, अशा एखाद्या वाडीतले दिवे लागावेत आणि मोबाइल चार्ज व्हावेत, एवढीच तिची कुवत.

नोकरीचा दुसरा की तिसरा दिवस असेल. मालक खुर्चीत पाय पसरून चहा पीत होते. तेवढ्यात दारातून एक उंच, किडकिडीत, साठी गाठलेल्या बाई आत आल्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात उंच बांबू. मालक ताडकन उभे राहिले आणि त्यांनी चहाचा कप टेबलाखाली लपवला. मला वाटलं, इन्स्पेक्शनला कोणी मोठ्या अधिकारी आल्या. मागाहून कळलं की मालक नेरूळच्या शाळेत बाईंचे विद्यार्थी होते आणि भूगोलात एकदा सणसणीत नापास झाले होते. चाळिशी उलटली, पोट सुटलं, दोन मुलांचे बाप झाले, तरी बाई आल्या की त्यांचे पाय आपोआप सरळ व्हायचे.

बाईंची आमच्याकडे नेमणूक कोणी केली, हे मालकांनाही शेवटपर्यंत उमगलं नाही. रिटायर झाल्यावर त्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटत फिरत होत्या. तशाच एकदा, मी लागायच्या आधी, गाळा बघायला आल्या. मालकांनी मोठ्या अभिमानानं सगळं दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण वारा कोण बघतं? मालक म्हणाले की जागा गिऱ्हाईकच दाखवतं. त्यावर बाई म्हणाल्या, "मग डॉक्टरनं औषध पण पेशंटला विचारून द्यावं का?" आणि सोमवारपासून त्या रोज यायला लागल्या.

त्यांची वारा बघायची पद्धत अशी. गावात गेल्या की जुन्या साडीचा फाडलेला काठ बांबूच्या टोकाला बांधायचा आणि बांबू रोवायचा. मग दोन-तीन बायका जमवून त्यांना कामाला लावायचं. काठ कधी ताठ उभा राहतो, कधी नुसता लोंबतो, कधी बांबूला गुंडाळी मारतो, एवढंच बघून ठेवा, मी पुढच्या महिन्यात येते. कंपनीकडे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्रही होतं, ते त्या लावायच्याच. पण आधी काठ, मग यंत्र. यंत्राकडे गावात कोणी बघत नाही, म्हणायच्या, साडी मात्र सगळ्या जणी बघतात. ते खरंही होतं. बाई पुन्हा गेल्या की बायका वाऱ्याबद्दल सांगून झाल्यावर साडीबद्दल विचारायच्याच. कापड चांगलं होतं, फाडलीत का?

आणखी एक प्रश्न त्या प्रत्येक गावात विचारत. इथं भात कुठं वारवता? मी कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, मला भात फक्त ताटात माहीत. बाईंनी सांगितलं की झोडपलेलं भात सुपानं उंचावरून सोडतात, दाणे खाली पडतात आणि पोल, म्हणजे रिकामं फोलपट, वाऱ्यानं उडतं. जिथं गावानं पिढ्यान् पिढ्या भात वारवलं, तिथं वारा असणार, हा त्यांचा साधा हिशेब. तिथं यंत्र लावलं की आकडे बहुतेक वेळा बाईंच्या बाजूनं बोलायचे.

हे वेड गावापुरतंच असतं तर ठीक. पण रिक्षात बसल्या तरी त्यांची मान बाहेर. कुठल्या बाल्कनीतले कपडे कसे हलताहेत, त्यावरून इमारतीचं भविष्य. या बिल्डिंगला पाचव्या मजल्यापर्यंत झुळूक, वर भानगड. ती पलीकडची, खाडीच्या तोंडाची, तिला दुपारनंतर वारा. एका रिक्षावाल्यानं त्यांना वास्तुशास्त्रवाल्या समजून, भाड्यानं खोली कुठल्या सेक्टरमध्ये घेऊ ते विचारलं. बाईंनी त्याला रस्त्याच्या कडेला थांबवून दिशा समजावून सांगितल्या. मीटर चालू होतं, ते मी भरलं.

शहरातल्या लोकांचं आणि त्यांचं मात्र फारसं जमलं नाही. खारघरच्या एका सोसायटीला गच्चीवर पवनचक्की हवी होती. चेअरमन म्हणाले की आजूबाजूच्या कोणाकडे नाही, म्हणून आपल्याकडे पाहिजे. मालक खूश, कारण शहरातली ऑर्डर म्हणजे ना डोंगर चढायचा, ना चिखल तुडवायचा. बाई गच्चीवर गेल्या. पिशवीतून उदबत्ती काढून पेटवली आणि पाण्याच्या टाकीजवळ, कठड्याजवळ, लिफ्टच्या खोलीमागे, सगळीकडे ती धरून उभ्या राहिल्या. धूर कधी इकडे, कधी तिकडे, एकदा तर सरळ चेअरमनांच्या नाकात. कमिटीतल्या एक काकू हात जोडून उभ्या राहिल्या. मग बाईंनी उदबत्ती विझवली आणि निकाल दिला.

"तुमच्या सोसायटीत भानगड आहे."

चेअरमन एकदम गंभीर झाले. सेक्रेटरीकडे वळून बघत त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

पार्किंगवरून आतल्या आत काय शिजत होतं, ते आम्हाला पुढच्या पाच मिनिटांत सगळं कळलं, न विचारता. ते ऐकून झाल्यावर बाईंनी समजावलं की शेजारचा टॉवर तुमचा वारा तोडतो, इथं चक्की लावली तर ती सारखी तोंड फिरवत राहील आणि वीज काही देणार नाही. जाता जाता, भरदुपारी जिन्यातले सगळे दिवे चालू आहेत, ते बंद केलेत तरी बरंच होईल, हेही सांगितलं. ऑर्डर गेली. मालक डोकं धरून बसले. म्हणाले, बाई, आपण चक्क्या विकायला बसलोय हो. बाई म्हणाल्या, विक ना, मी कुठं अडवलंय, मी फक्त वारा बघते.

सोलरवाल्यांशी त्यांचं भांडण नव्हतं. उलट वाडीवस्तीवर सोलरचे दिवे दिसले की त्या कौतुकानं पुसून बघत. फक्त एवढंच सांगायच्या की आपल्याकडे पावसाळ्यात सूर्य लांब रजेवर जातो, आणि नेमका तेव्हाच वारा ड्यूटीवर येतो. दोघांना मिळून ठेवलं तर कोणाचाच खाडा होत नाही.

आता त्या वाडीची गोष्ट.

पनवेलच्या पुढं डोंगरावर एक ठाकरवाडी होती. कच्चा रस्ता वाडीच्या खालच्या टोकापर्यंत, शाळेच्या पत्र्याच्या खोलीशी येऊन संपायचा. तिथून वर घरं, आणि घरांच्याही वर डोंगराच्या सोंडेवर एक उघडं सपाट खळं. विजेची तार खालच्या मोठ्या गावापर्यंत आलेली, वाडीला तिनं वळूनही पाहिलं नव्हतं. एका ट्रस्टनं तिथं पवनचक्की द्यायचं ठरवलं आणि काम आमच्याकडे आलं. ही एक चांगली झाली की अशाच आणखी वाड्यांचं काम मिळेल, असं ट्रस्टच्या साहेबांनी मालकांना सांगितलं होतं. गाळ्यात तेव्हा फारसं काम उरलं नव्हतं. म्हणजे ही वाडी आम्हा सगळ्यांचीच गरज होती.

तिथं बाईंना जनाबाई भेटली. पन्नाशीची, बुटकी, बोलायला तिखट, बचत गट तिच्याच हातात. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. जनाबाईनं हात वर केला. "वर, खल्यावर. हितं काय वारा? हितं माशी बी बसली तं उठत नाय." दोघींचं त्याच क्षणी जमलं. जनाबाईनं पिठाची गिरणी चालेल का ते विचारलं. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. फ्रिज? तोही नाही. मग काय चालंल? दिवे चालतील, फोन चालतील, शाळेतला टीव्ही चालेल. जनाबाई म्हणाली की बरं हाय, खोटं तरी बोलत नाय.

यंत्राचे आकडेही खळ्याच्याच बाजूनं आले. बाईंनी अहवालात तसं लिहिलं. पण ट्रस्टच्या साहेबांना चक्की शाळेजवळच हवी होती. उद्घाटनाला पाहुणे येणार, त्यांच्या गाड्या शाळेपर्यंत येणार, फोटो शाळेसमोर निघणार. ते एवढ्या उन्हात डोंगर चढणार का? बाईंनी त्यांना विचारलं की पवनचक्की पाहुण्यांसाठी आहे की वाडीसाठी. साहेब हसले आणि मालकांकडे वळले. मालकांनी बाईंच्या नजरेला नजर न देता सांगितलं की सर, शाळेजवळच होईल.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर जीपमध्ये बाई मालकांना एवढंच म्हणाल्या की लाव बाबा, तुझं पण पोट आहे.

उद्घाटन वैशाखातलं, तेही भरदुपारी. मंडप, हार, लाउडस्पीकर, सरबत. पाहुणे म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक जाडजूड गृहस्थ, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी. चक्की रंगवून, झेंडूच्या माळा घालून नवरीसारखी उभी केली होती. आणि एक पान हलत नव्हतं. माणसं भाषणाच्या कागदांनी वारा घेत होती. साहेब घड्याळ बघत होते, पाती तिथल्या तिथं.

मी मालकांना शोधत होतो, तर ते दिसेनात. मग शाळेच्या छपरावर पत्रा वाजला. मालक वर चढले होते. हातात लांब कळक. कळकाचं टोक पात्याला लावून ते ढकलत होते. चक्की दोन-तीन वेढे घ्यायची, खालून टाळ्या पडायच्या, की परत थांबायची. तापलेल्या पत्र्यावर पाय भाजत होते म्हणून मालक एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. लाउडस्पीकरवर पवनऊर्जेचं महत्त्व सांगणं चालू होतं.

बाईंना येऊ नका असं सांगितलेलं होतं. त्या आल्या होत्या. बायकांमध्ये शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या, शाळेच्या भिंतीशी गेल्या आणि वर बघून अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "अरे, खाली उतर. पडशील."

सगळ्या मंडपानं वर बघितलं. मालक कळक हातात धरून तसेच उभे. पाहुण्यांनी साहेबांना विचारलं, हे कोण? तेवढ्यात बाईंनी जाऊन माइक हातात घेतला. आवाज चढवला नाही, कोणाला दोष दिला नाही. म्हणाल्या की यंत्र उत्तम आहे, ते माझ्या विद्यार्थ्यानं बनवलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण इथं वारा नाही. वारा वर आहे. साहेबांची हरकत नसेल तर आपण सगळे वर जाऊन तो बघून येऊ, चालत फार नाही.

मला वाटलं, संपलं. पण पाहुण्यांना बहुधा भाषणांचा कंटाळा आला होता. ते उठले आणि निघाले. मग साहेबांनाही निघावं लागलं, आणि मग सगळा मंडपच डोंगर चढायला लागला. पुढं जनाबाई, मागं बाई, त्यांच्या मागं घामानं निथळणारे पाहुणे. शेवटच्या चढाला त्यांना दोघांनी हात दिला. खळ्यावर पाऊल टाकलं आणि समोरच्या दरीतून वारा आला. पाहुण्यांची टोपी उडाली, दोन कोलांट्या घेऊन थेट करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. साहेबांच्या हातातलं भाषण पान पान होऊन गेलं. बाईंनी रोवलेल्या बांबूवरचा साडीचा काठ ताठ उभा होता.

पाहुणे कमरेवर हात ठेवून तोंड उघडं ठेवून नुसते उभे राहिले. मग हसायला लागले. साहेबांना म्हणाले की अहो, चक्की इथं का नाही लावली?

साहेबांना लावावी लागली. पण त्यांनी ते मनात ठेवलं. पुढच्या वाड्यांचं काम आमच्याकडे आलं नाही. मालक बाईंवर रागावले. त्यांचा राग म्हणजे काय, तर ते बाईंना बाई न म्हणता मॅडम म्हणायला लागले. मॅडम, चहा घेणार का. मॅडम, ही फाइल बघा. बाईंना ते फार लागलं असावं, कारण त्यांनी त्या दिवसांत वाऱ्याबद्दल बोलणंच सोडलं. शेवटी एका दुपारी त्या मालकांच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या की तुझं नुकसान झालं ते मला कळतं, पण मला दुसरं काही बोलता आलं नसतं. मालक बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं, बाई. म्हणूनच येऊ नका म्हटलं होतं." आणि दोघं हसले.

खांब वर न्यायचं काम वाडीनं केलं. खांबाचे तुकडे आठ-आठ जणांनी खांद्यावर घेतले, बॅटऱ्या बायकांनी झोळी करून नेल्या. खांबाच्या बुडाशी बिजागरी होती, म्हणजे ताणाच्या तारा सैल करून कप्पीच्या दोरानं तो आडवा करता यायचा. वादळ येणार असेल तर खांब आडवा करायचा, हे बाईंनी जनाबाई आणि तिच्या गटाकडून इतक्यांदा करून घेतलं की शेवटी जनाबाई म्हणाली, बाई, चक्की आता आमच्यापेक्षा जास्त आडवी होते.

आषाढात, जेव्हा त्या डोंगरावर दिवसचे दिवस ढग उतरून बसायचे आणि कोणीतरी पूर्वी वाटलेले सोलर कंदील मान टाकायचे, तेव्हा खळ्यावरची चक्की घुमत असायची आणि घराघरात दिवा लागायचा. एका म्हाताऱ्यानं तक्रार केली की तिच्या आवाजानं झोप येत नाही. पावसाळा सरल्यावर त्यानं तक्रार केली की आवाज नाही म्हणून झोप येत नाही.

आमच्या गाळ्याचं मात्र हळूहळू सोलरचं दुकान झालं. लोकांना तेच सोपं वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, बऱ्याच ठिकाणी ते सोपं होतंही. मालकांनी पात्यांचे साचे माळ्यावर टाकले. मी तळोज्याच्या एका फॅक्टरीत लागलो. बाई सानपाड्याच्या घरी बसल्या, म्हणजे बसल्या नाहीतच. एसटीनं वाडीला जात राहिल्या. कधी मला फोन करून सोबत न्यायच्या.

मग ते वादळ आलं. आदल्या दिवसापासून टीव्हीवर तेच होतं. बाईंनी जनाबाईला फोन लावला, लागला आणि "अगं, खांब आडवा" एवढं बोलेपर्यंत तुटला. पुन्हा लागला नाही. वादळ गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. मी बाइक काढली. रस्त्यात झाडं आडवी, पत्रे विखुरलेले, विजेचे खांब गुडघे टेकल्यासारखे. बाई मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. मला त्यांच्या हाताची पकड खांद्यावर जाणवत होती.

खालच्या गावातून वर नजर गेली आणि आम्ही दोघंही थांबलो. खळ्यावर चक्की उभी होती. फिरत होती.

"आडवी केलीच नाही यांनी," बाई म्हणाल्या. "कोणाच्या अंगावर पडली असती म्हणजे?" आणि वाडीचा रस्ता पडलेल्या झाडांनी अडलेला, म्हणून त्या तिथूनच पायी तरातरा चढायला लागल्या. मी मागं. पण थोडं चढल्यावर लक्षात आलं की वाटेवर आम्ही एकटे नाही. खालच्या गावातली माणसं वर चालली होती. पुढं एक मास्तर, त्यांच्या मागं किराणावाला, कॉलेजची दोन पोरं, एक नवी सून. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर पाणी. हंडा, कळशी, बादली, तेलाचा कॅन, जे मिळेल ते.

खळ्याखालच्या खोलीत, जिथं बॅटऱ्या होत्या, तिथं दारात जनाबाई बसली होती. आत तारांच्या गुंत्यात फोनच फोन. जनाबाईनं खांब आडवा केला होता, अगदी वेळेवर. वादळ सरल्यावर परत उभा केला, कारण खालच्या गावाची लाइन गेली, सगळ्यांचे फोन मेले, मुंबईत-पुण्यात नातेवाईक काळजीत, आणि सगळा गाव वाडीकडं बघायला लागला. तेव्हा तिनं नियम काढला. खालच्या गावात मोठी विहीर, वाडीला डोंगरउतारावरचा एक झरा, तिथून बायकांनी वाहून आणायचं. म्हणून फोन चार्ज करायचा तर येताना एक हंडा पाणी वर आणायचं. खाली जाताना फोन न्यायचा.

बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता. त्यांनी जनाबाईला जवळ घेतलं. मग पिशवीतून स्वतःचा फोन काढला, तोही बंद पडला होता, आणि सहज पुढं केला.

जनाबाईनं फोनकडं बघितलं, मग बाईंच्या रिकाम्या हातांकडं.

"बाई, पानी?"

मी म्हणालो की अगं, बाईंमुळं तर ही चक्की इथं आली. जनाबाई म्हणाली ते खरं हाय, पन मागं मास्तर उभं हायत, त्यांनी बी आनलंय. बाईंनी मला गप्प केलं. पदर खोचला, कोपऱ्यातली एक छोटी कळशी उचलली आणि डोंगर उतरायला लागल्या. मीही एक हंडा घेतला. माझं निम्मं पाणी वाटेत सांडलं. बाईंची कळशी काठोकाठ वर आली.

लाइन यायला बरेच दिवस लागले. तोवर वाडीतली सगळी पिंपं, घागरी, अगदी शाळेतली खिचडीची पातेलीसुद्धा भरली. वाडीतल्या बायकांना इतकी फुरसत कधी मिळाली नव्हती. एक जण म्हणे दुपारची झोपली, तर घरच्यांना वाटलं आजारी पडली. जागा संपल्यावर जनाबाईनं पाण्याऐवजी जळण घ्यायला सुरुवात केली.

मग एक दिवस खाली दिवे लागले आणि वर येणारी माणसं थांबली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा झऱ्याच्या वाटेवर बायकांची रांग पुन्हा सुरू झालेली होती. जनाबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढून आली, ते उतरवले, दम घेतला. खाली नवे कोरे विजेचे खांब उन्हात चमकत होते. त्यांच्याकडं बघत तिनं बाईंना विचारलं, अगदी मनापासून, गावाला जायची गाडी विचारावी तसं.

"बाई, तुमी भूगोलवाल्या ना. परत वादळ कधी हाय?"

बाई खो खो हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग हसता हसता त्या थांबल्या आणि जनाबाईच्या हंड्यांकडं बघत राहिल्या. बाइकवर बसायच्या आधी एवढंच म्हणाल्या की आपण हिला गिरणी होणार नाही सांगितलं, फ्रिज होणार नाही सांगितलं, पण तिला काय पाहिजे ते आपण विचारलंच नाही.

आता त्यांनी पंचाहत्तरी गाठली आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. तळोज्याच्या शिफ्टमधून आत्ताच आलोय, दमलोय, असं मी सांगत होतो, ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की मालकांना माळ्यावरचे साचे खाली काढायला लावलेत, वाऱ्यावर चालणारा पंप बसवायचा आहे, आणि झरा खळ्यापासून किती खाली आहे ते रविवारी मोजायचं आहे.

"लांब दोरी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि डबा आणू नकोस. जनाबाईनं जेवायला बोलावलंय."